कळंबचा ‘ळ’ संगणकात शाबूत कसा ठेवावा

कळंब हे नाव आपण तीन अक्षरांत आणि एका टिंबात लिहितो. संगणक ते चार आकड्यांत ठेवतो: २३२५, २३५५, २३०६, २३४८. पहिला क, दुसरा ळ, तिसरा अनुस्वार, चौथा ब. पडद्यावर आपल्याला दिसते ते या आकड्यांवरून फॉन्टने काढलेले चित्र. चित्र नीट दिसते म्हणून आतले आकडे बरोबर असतीलच असे नाही, आणि आकडे अचूक असूनही चित्र बिघडलेले दिसू शकते. मराठी मजकुराबद्दल ऐकू येणाऱ्या बहुतेक तक्रारी यांपैकी एका जातीच्या असतात. ती जात ओळखली की अर्धे काम झाले.

वसईच्या पश्चिम पट्ट्याला हा विषय जरा जास्तच लागू आहे. अर्नाळा, सत्पाळा, बोळिंज, उमराळे, निर्मळ, नाळे, कळंब. ‘ळ’ लिहिता आला नाही तर इथे पत्ताच लिहिता येत नाही. त्यात कळंब एकटे नाही. धाराशिव जिल्ह्यात कळंब तालुका आहे, यवतमाळ जिल्ह्यातही आहे, आंबेगाव आणि इंदापूर तालुक्यांत त्याच नावाची गावे आहेत. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी झाला, त्यामुळे आपल्या कळंबच्या जुन्या कागदांवर जिल्हा ठाणे आहे. आधीच एवढा गोंधळ असताना एका नोंदीत कळंब, दुसरीत कलंब आणि तिसरीत कळम्ब असेल तर शोध घेणारा प्रोग्रॅम ती तीन वेगळी गावे समजतो. म्हणून पहिला सल्ला असा की गावांची यादी किंवा सभासदांचा तक्ता करताना नावाशेजारी जनगणनेचा ग्रामसंकेतांक लिहिण्याचा रकाना ठेवा. नावाचे स्पेलिंग कितीही बिघडले तरी गाव हरवणार नाही.

आता हे आकडे आले कुठून ते थोडे पाहू, कारण पुढची बरीच दुरुस्ती त्यावर अवलंबून आहे. भारतीय लिप्यांसाठी भारतीय मानक ब्युरोने १९९१ साली ‘इस्की’ हे मानक प्रसिद्ध केले. त्यात बहुतेक भारतीय लिप्या ब्राह्मीपासून निघाल्या आहेत हे धरून वर्णमालेचा एकच तक्ता बांधला होता. युनिकोडने त्याच घराण्याची मांडणी उचलली आणि प्रत्येक लिपीला १२८ जागांचा एक तुकडा दिला. देवनागरीचा तुकडा २३०४ पासून सुरू होतो आणि त्यात ५१ मिळवले की ळ येतो, २३५५. गुजरातीचा तुकडा २६८८ पासून, त्यात ५१ मिळवा, गुजराती ळ. तमिळ, तेलुगू, कन्नड, मलयाळम, ओडिया, सगळीकडे हाच हिशेब लागू पडतो. बंगालीत ळ नाही, म्हणून तिथली ती जागा अजून रिकामी ठेवली आहे. तलासरीच्या पलीकडे गुजराती पाट्या सुरू होतात. तिथला ळ आपल्या ळ सारखाच दिसतो, शिरोरेघ तेवढी नाही. पण त्याचा आकडा २७३९ आहे. गुजराती कीबोर्ड चुकून चालू राहिला आणि एखादे अक्षर त्यातून आले तर डोळ्यांना ते पटकन कळत नाही, शोधाला मात्र लगेच कळते.

थाई लिपीही ब्राह्मीच्याच वंशातली. तिच्यातही ळ आहे. त्याचे नाव ‘लो चुला’, आणि तो मुख्यतः पाली-संस्कृतातून आलेल्या शब्दांत येतो: खेळासाठीचा त्यांचा शब्द ‘कीला’, किंवा चुलालाँगकॉर्न राजाचे नाव. लिहायला तो वेगळा असला तरी बोलताना थाई माणूस त्याचा ल च करतो. युनिकोडमध्ये त्याचा आकडा ३६२८. थाई तुकडा ३५८४ पासून सुरू होतो, म्हणजे इथे ५१ चा हिशेब चालत नाही, ४४ चा चालतो. कारण थायलंडने १९८० च्या दशकातच स्वतःचे मानक केले होते आणि युनिकोडने ते जसेच्या तसे घेतले. त्यातून एक फार मोठा फरक राहून गेला. थाईमध्ये ए, ओ, ऐ असे काही स्वर व्यंजनाच्या डावीकडे काढतात, आणि संगणकातही ते व्यंजनाच्या आधीच साठवतात. जसे दिसते तसे साठवायचे. मराठीत उलट आहे. ‘कि’ मधली वेलांटी दिसते क च्या आधी, पण साठते क च्या नंतर, कारण उच्चाराचा क्रम धरला आहे. वसईचे लेखक फ्रान्सिस दिब्रिटो यांचे आडनाव घ्या. संगणकात ते द, ऱ्हस्व वेलांटी, ब, हलन्त, र, पुन्हा ऱ्हस्व वेलांटी, ट, ओकार असे आठ आकडे होतात. ‘ब्रि’ ची वेलांटी जोडाक्षराच्या डोक्यावरून उडी मारून पुढे जाऊन बसते ते फक्त चित्रात.

हे सांगायचे कारण असे की टाइपरायटरवर मराठी ३० किंवा ४० ची परीक्षा दिलेल्यांचा हात अजून थाई पद्धतीने चालतो. आधी वेलांटी, मग अक्षर. रेमिंग्टन पद्धतीचे चांगले युनिकोड कीबोर्ड हे ओळखून आतल्या आत अदलाबदल करतात. साधे कीबोर्ड करत नाहीत. मग वेलांटीच्या जागी ठिपक्यांचे वर्तुळ दिसते. ते दिसले की समजावे, मात्रेला टेकायला व्यंजन मिळालेले नाही, क्रम चुकला आहे. ती मात्रा पुसून अक्षरानंतर पुन्हा टाइप करायची, बस.

टाइप करण्याबद्दल माझे मत स्पष्ट आहे: रोज मराठी लिहायचे असेल तर इनस्क्रिप्ट शिका. ही मांडणी विंडोज, मॅक, लिनक्स आणि अँड्रॉइड सगळीकडे फुकट मिळते, आणि त्यात ल आणि ळ एकाच कळीवर आहेत. रोमन ‘एन’ ची कळ दाबली की ल, शिफ्ट धरून दाबली की ळ. कळंबसाठी के, शिफ्ट-एन, एक्स, वाय अशा चार कळा. आत जेवढे आकडे, तेवढ्याच कळा. मध्ये कोणी अंदाज बांधत नाही. रोमन अक्षरांतून मराठी उमटवणारे कीबोर्ड सोपे वाटतात, पण ते शब्दांची यादी पुढे करतात. त्यात कलंब, कळंब, कलम यांपैकी आधी कोणता येईल याचा भरवसा नाही, आणि घाईत पहिल्यावरच बोट पडते. तेच वापरायचे असेल तर निदान फोनच्या सेटिंगमध्ये भाषा हिंदी नव्हे, मराठी निवडा. हिंदीच्या नेहमीच्या वर्णमालेत ळ नाही, त्यामुळे हिंदी सुचवणाऱ्या कीबोर्डला तो सुचतही नाही.

समोरचा मजकूर खरा युनिकोड आहे की नाही हे ओळखायची सर्वांत सोपी जागा म्हणजे विंडोजवरचे वर्ड. अक्षराच्या लगेच नंतर कर्सर ठेवा आणि ऑल्ट धरून एक्स दाबा. ळ च्या जागी ०९३३ उमटेल. हा २३५५ च, फक्त सोळाच्या पायावर लिहिलेला. पुन्हा तेच दाबले की ळ परत येतो. देवनागरीचा प्रत्येक आकडा या पद्धतीत ०९ ने सुरू होतो. तुमच्या अक्षराचा आकडा ०० ने सुरू झाला तर समजा की तो मजकूर श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी अशा जुन्या पद्धतीच्या फॉन्टमधला आहे. आत रोमन अक्षरे आहेत आणि वरून देवनागरीची चित्रे चढवली आहेत. एक्सेलमध्ये ‘लेन’ हे फंक्शन लावले तर कळंबची लांबी ४ यायला हवी. ५ आली तर बहुधा कोणीतरी कळम्ब लिहिले आहे किंवा शेवटी एक रिकामी जागा चिकटली आहे. रिकाम्या जागेचा त्रास सर्वांत जास्त, आणि तो ‘ट्रिम’ ने एका झटक्यात जातो.

जुळ्यांचा प्रश्न याहून अवघड आहे. ‘किनाऱ्यावर’ हा शब्द दोन प्रकारे साठवता येतो. एक, ऱ या स्वतंत्र अक्षराला हलन्त देऊन, म्हणजे इनस्क्रिप्टवर शिफ्ट-जे, डी आणि मग य. असा शब्द दहा आकड्यांचा होतो. दुसरा, साधा र, हलन्त आणि त्यानंतर न दिसणारे एक जोडचिन्ह. तो होतो अकरा आकड्यांचा. छापून दोन्ही शेजारी ठेवले तर फरक ओळखता येणार नाही, पण शोधाच्या खिडकीत एक टाइप केले तर बहुतेक प्रोग्रॅमना दुसरे सापडत नाही. वऱ्हाडी, दर्यावरच्या होऱ्या, सुऱ्या, सगळ्यांची तीच गत. मी पहिला प्रकार वापरावा असे सांगेन, कारण न दिसणारे चिन्ह मजकूर इकडून तिकडे नेताना गळू शकते आणि मग ‘ऱ्या’ चा ‘र्या’ होतो, रफार य वर जाऊन बसतो.

वसईत याहून जास्त अडते ते नावांपाशी. ॲन्थनी, ॲग्नेस, ॲलेक्स ही नावे इथल्या घराघरांत आहेत. पण ॲ हे अक्षर देवनागरीच्या तक्त्यात स्वतंत्रपणे दाखल झाले ते २००८ साली, युनिकोडच्या ५.१ आवृत्तीत. त्याआधी लोक अ वर चंद्र ठेवून काम भागवत, कोणी हिंदी वळणाचा ऍ वापरे, कोणी ‘अँथनी’ असा चंद्रबिंदू देई. चारही रूपे आजच्या नोंदींत जिवंत आहेत आणि संगणकाच्या लेखी ती चार वेगवेगळी माणसे आहेत. राज्य शासनाने नोव्हेंबर २००९ मध्ये मराठीची वर्णमाला ठरवून दिली, त्यात ॲ आणि ऑ आहेत. तेव्हा नव्या नोंदीत ॲ हेच एक अक्षर वापरा. पण हातात असलेल्या जुन्या ओळखपत्रांवरचे नाव जसे आहे तसेच नव्या अर्जात हवे असेल, तर ते पुन्हा टाइप करण्यापेक्षा मूळ नोंदीतून कॉपी करून घ्या. घरातल्या सगळ्यांची नावे आणि पत्ता एका साध्या फाइलमध्ये एकदा तपासून लिहून ठेवावा आणि प्रत्येक अर्ज भरताना तिथूनच चिकटवावा. कंटाळवाणे काम आहे, पण एकदाच करायचे असते.

आता बाइटांचा हिशेब. यूटीएफ-८ या पद्धतीत, जिच्यात आज जवळजवळ सगळे इंटरनेट चालते, रोमन अक्षराला एक बाइट लागतो आणि देवनागरी अक्षराला तीन. ळ चे तीन बाइट २२४, १६४, १७९. म्हणजे कळंबला बारा बाइट, दिब्रिटोंना चोवीस. इस्कीत हेच काम अक्षराला एका बाइटमध्ये होत असे. एखाद्या अर्जात नावाचा रकाना ३० ‘अक्षरांचा’ असे लिहिलेले असते, पण बनवणाऱ्याने आत ३० बाइट मोजलेले असतात, तेव्हा मराठी नाव दहाव्या खुणेनंतर तुटते. मात्रा, अनुस्वार, हलन्त सगळे मोजले जातात हे लक्षात घ्या. असे झाले तर मधले नाव गाळण्याऐवजी त्या कार्यालयाला रकान्याची मर्यादा बाइटांत आहे का असे नेमके विचारा. तुम्ही स्वतः सोसायटीचा किंवा मंडळाचा डेटाबेस करत असाल तर रकाना अक्षरांत मोजा. मोडीला २०१४ साली आणि ब्राह्मीला २०१० साली युनिकोडमध्ये जागा मिळाली, आणि त्या अक्षरांना चार बाइट लागतात. मायएसक्यूएलमध्ये नुसते ‘यूटीएफ-८’ निवडले तर तीनच बाइट मावतात. ‘एमबी-४’ ची शेपटी असलेला पर्याय निवडला की तो प्रश्न मिटतो. सोपाऱ्याला १८८२ साली भगवानलाल इंद्रजींना सापडलेल्या अशोकाच्या आठव्या शिलालेखाच्या तुकड्यावर कोणी शाळकरी प्रकल्प करणार असेल, तर त्याला हे कामी येईल.

एसएमएसचेही असेच. इंग्रजी संदेशात १६० अक्षरे बसतात, पण त्यात एक जरी ळ आला तरी सर्वसाधारणपणे सगळा संदेश दुसऱ्या पद्धतीत जातो आणि मर्यादा ७० वर येते. पाणीपुरवठ्याचे किंवा सभेचे संदेश शेकड्यांनी पाठवणाऱ्यांनी ७० मोजून लिहावे, नाहीतर एका निरोपाचे पैसे दोनदा जातात.

बिघाड झाल्यावर काय दिसते यावरून काय बिघडले ते सांगता येते. रिकामे चौकोन दिसले तर आकडे शाबूत आहेत, त्या यंत्रावर देवनागरी फॉन्ट नाही. फॉन्ट टाकला की काम झाले. डोक्यावर तिरकी रेघ दिलेला रोमन ‘ए’ आणि चार कोपऱ्यांना काड्या फुटलेले गोल चिन्ह असे जोडीने पुन्हा पुन्हा दिसले, मधूनच जपानी येनचे चिन्ह आले, तर यूटीएफ-८ चे बाइट दुसऱ्या पद्धतीने वाचले गेले आहेत. ‘ए’ म्हणजे २२४, गोल चिन्ह म्हणजे १६४, येन म्हणजे १६५. देवनागरीची सगळी अक्षरे या दोन जोड्यांनीच सुरू होतात, म्हणून तो नमुना दिसतो. इथेही मजकूर गेलेला नाही, फक्त ती फाइल त्या अवस्थेत सेव्ह करू नका. पण ओळीच्या ओळी प्रश्नचिन्हे दिसत असतील तर वाईट बातमी आहे. मूळ आकडे पुसून त्या जागी खरोखरच प्रश्नचिन्हे लिहिली गेली आहेत आणि कोणताही प्रोग्रॅम ते परत आणणार नाही. जुन्या नोटपॅडमध्ये मराठी लिहून ‘एएनएसआय’ पद्धतीने सेव्ह केले की हमखास हे होते. २०१९ नंतरच्या विंडोज १० मध्ये नोटपॅड आपणहून यूटीएफ-८ निवडतो.

सीएसव्ही फाइल हा रोजचा सापळा. पोर्टलवरून यादी उतरवली, तिच्यावर दोनदा क्लिक केले, एक्सेल उघडले आणि गावांच्या जागी ते ‘ए’ आणि गोल चिन्ह. फाइल चांगली असते, एक्सेलने चुकीचा अंदाज केलेला असतो. ती बंद करा. कोरी वर्कबुक उघडून ‘डेटा’ टॅबमधून टेक्स्ट किंवा सीएसव्ही आणण्याचा पर्याय घ्या आणि फाइलच्या मूळ पद्धतीत ६५००१ हा क्रमांक निवडा. तो यूटीएफ-८ चा आहे. परत पाठवताना ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ याच नावाच्या प्रकारात सेव्ह करा.

अकारविल्हे लावताना ळ पुन्हा आडवा येतो. आकड्यांच्या क्रमाने ळ हा ल आणि व यांच्या मध्ये आहे, पण मराठी वर्णमालेत तो ह नंतर, क्ष आणि ज्ञ च्या आधी येतो. त्यामुळे साध्या आकडेवार क्रमात कळंब, कवठे, कसबे अशी यादी लागते. मराठीप्रमाणे कवठे, कसबे, कळंब हवी. शब्दकोश, ग्रंथालयाची सूची किंवा स्मरणिकेतली सभासदांची यादी करणाऱ्यांनी प्रोग्रॅममध्ये मराठीचा वर्णक्रम निवडता येतो का ते पाहावे. पोस्टग्रेससारख्या डेटाबेसात तो तयार मिळतो. नसेल तर ळ ची नावे हाताने हलवावी लागतील.

मराठी वळणाचा ल आणि श हवा असेल तर वेगळे अक्षर शोधू नका. ल चा आकडा हिंदीत आणि मराठीत एकच, २३५४. वळण ठरवतो तो फॉन्ट, आणि अनेक नव्या फॉन्टांत दोन्ही वळणे असतात. मजकुराची भाषा मराठी अशी नोंदवली की मराठी वळण आपोआप लागते. वर्डमध्ये मजकूर निवडून भाषा मराठी करा. वेबपानात भाषेची खूण मराठीची द्या.

शेवटचे जुन्या फाइलींबद्दल. अनेक मंडळांच्या कार्यवृत्तांची, लग्नपत्रिकांची, पॅरिशच्या स्मरणिकांची पंचवीस-तीस वर्षे जुन्या फॉन्टांत अडकली आहेत. ती बदलून घ्यायला परिवर्तक मिळतात, पण प्रत्येक फॉन्टचा तक्ता वेगळा असतो, तेव्हा आधी मूळ फॉन्टचे नेमके नाव शोधा. जुन्या फॉन्टमध्ये वेलांटी थाईसारखी अक्षराच्या आधी साठवलेली असते आणि परिवर्तकाला ती उचलून जोडाक्षराच्या मागे न्यावी लागते. चुका होतात त्या इथे आणि रफारापाशी. मूळ फाइल हातात असताना पीडीएफमधून मजकूर कॉपी करू नका, त्यात क्रम आणखी विस्कटतो. नुसती छापील प्रत उरली असेल तर ती स्कॅन करून टेसरॅक्टसारख्या फुकट प्रोग्रॅमला मराठी निवडून वाचायला द्या. बदललेला मजकूर सगळा वाचायला वेळ नसेल तर निदान वेलांटीची जोडाक्षरे, रफार, ऱ्य, ॲ आणि ळ असलेले शब्द शोधून पाहा. छपाईला देताना फ्लेक्सवाल्याला किंवा डीटीपीवाल्याला तुमचा युनिकोड मजकूर आणि त्याचा पीडीएफ असे दोन्ही पाठवा. तो बहुधा मजकूर पुन्हा जुन्या फॉन्टात नेईल, म्हणून छापण्याआधीचे प्रूफ तुमच्या पीडीएफशी ताडून बघितल्याशिवाय होकार देऊ नका.